महालक्ष्म्यांच्या उजेडात कॅमेऱ्याची निवड

दिवाळीच्या आधी महिनाभर आपल्या मंडळातल्या कॉलेजच्या आणि नव्याने नोकरीला लागलेल्या मुलामुलींकडून एक प्रश्न हमखास येतो. "दादा, कॅमेरा घ्यायचा आहे. कॉम्पॅक्ट घेऊ, मिररलेस घेऊ की डीएसएलआर?" मी पोटासाठी कोड लिहितो, फोटोग्राफी हा काही माझा धंदा नाही. पण बारा-तेरा वर्षं पांढुर्णा-सौंसरकडचे घरचे आणि गावचे फोटो काढतो आहे, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येत असावा. मी उलट विचारतो, "फोटो कशाचे काढणार?" उत्तर बहुतेक एकच असतं, "काही खास नाही हो, असेच. रोजचे."

हे 'रोजचे' फोटोच महत्त्वाचे असतात आणि नेमके तेच काढायचे राहून जातात. इंटरनेटवर 'पांढुर्णा' टाकून पाहा. जाम नदीत पळसाचं झाड रोवलेलं, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव आणि मधे उडणारे दगड. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार सोडली तर वर्षाचे उरलेले दिवस जणू आपल्याकडे काही घडतच नाही! ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा मिळून वेगळा जिल्हा झाला, पण या जिल्ह्याचं चित्र बाहेरच्यांच्या मनात अजून दगडांचंच आहे. मध्य प्रदेशात राहून घरात मराठी बोलणारी आपली माणसं, संत्र्याचे बगीचे, कापूस वेचणाऱ्या बाया, झडत्यांवर हसणारा पोळा, घरोघरच्या महालक्ष्म्या हे सगळं फोटोत आलंच, तर ते आपल्यापैकी कोणीतरी काढल्यामुळे येणार.

सौंसरचंच पाहा. रामाकोना, सौंसर, लोधीखेडा अशी थांबत नागपूरला जाणारी छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ मध्ये गेज बदलण्यासाठी बंद झाली. अडीच फुटांच्या रुळांवरून धावणाऱ्या त्या गाडीत आपल्या आईवडिलांची पिढी शिकायला, दवाखान्यात, लग्नाच्या खरेदीला नागपूरला गेली. इंजिनाचे फोटो रेल्वेच्या हौशी लोकांनी पुष्कळ काढलेत. पण त्या डब्यात खिडकीशी बसलेल्या आपल्या आत्याचा, डबा उघडून भाकर खाणाऱ्या आजोबांचा फोटो किती घरांत आहे? आता तिथे मोठी गाडी धावते. तो फोटो काढण्याची संधी मात्र गेली.

म्हणून 'सगळ्यात चांगला कॅमेरा कोणता' यापेक्षा 'आपल्या घरचे आणि गावचे रोजचे क्षण कोणत्या कॅमेऱ्यात येतील' हे विचारू या. त्याचं उत्तर तीन गोष्टींवर ठरतं: उजेड किती, अंतर किती आणि तो कॅमेरा तुमच्यासोबत घराबाहेर निघतो की नाही.

तीन डबे, आत काय?

आधी यंत्र समजून घेऊ. डीएसएलआरमध्ये लेन्सच्या मागे ४५ अंशांत बसवलेला आरसा असतो. लेन्समधून आलेला उजेड त्या आरशावर आपटून वर जातो आणि आपल्याला डोळ्याजवळच्या खिडकीतून समोरचं दृश्य जसंच्या तसं दिसतं. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, पडदा उघडतो आणि उजेड सेन्सरवर पडतो. लग्नात ऐकू येणारा तो 'खटॅक' आवाज मुख्यतः या आरशाचा. आरशाला हलायला जागा लागते, म्हणून कॅननच्या डीएसएलआरमध्ये लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंत ४४ मिलिमीटर अंतर ठेवावं लागलं, निकॉनमध्ये ४६.५.

मिररलेसमध्ये हा आरसाच काढून टाकला. सेन्सर सतत दृश्य पाहतो आणि ते मागच्या पडद्यावर किंवा डोळ्याजवळच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक खिडकीत दाखवतो. कॅननचं ते अंतर ४४ वरून २० मिलिमीटरवर आलं, निकॉनचं ४६.५ वरून १६ वर. कॅमेरा पातळ झाला. शिवाय फोटो काळपट येणार की पांढराफटक, हे बटण दाबण्याआधीच दिसू लागलं. शिकणाऱ्याला याचा फार फायदा होतो. सेन्सर सतत पाहत असल्याने माणसाचा डोळा ओळखून त्यावरच फोकस धरून ठेवणंही त्याला जमतं. घरभर पळणाऱ्या दोन वर्षांच्या पोराचा फोटो काढून पाहा, मग ही सोय काय आहे ते कळेल.

कॉम्पॅक्टमध्येही आरसा नसतो, पण त्याची लेन्स कायमची जोडलेली असते, बदलता येत नाही. खिशात मावतो, हाच त्याचा मोठा गुण. मर्यादा म्हणाल तर बहुतेकांचं सेन्सर फार लहान असतं.

आता या सेन्सरच्या आकाराकडे येऊ. दुकानदार मेगापिक्सेल सांगतो, पण त्याआधी सेन्सरचं क्षेत्रफळ विचारा. सेन्सर म्हणजे अंगणात पावसाचं पाणी धरायला ठेवलेलं भांडं समजा. वाटी ठेवली तर वाटीभर, परात ठेवली तर परातभर. 'फुल फ्रेम' सेन्सर ३६ × २४ मिमी, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. परवडणाऱ्या बहुतेक डीएसएलआर आणि मिररलेसमध्ये असतं ते 'एपीएस-सी', सुमारे ३३० ते ३७० चौरस मिमी. चांगल्या कॉम्पॅक्टमधलं 'एक इंची' म्हटलं जाणारं सेन्सर ११६. स्वस्त, जुन्या कॉम्पॅक्टमधलं जेमतेम २८. साधारण फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचं सेन्सर ३०च्या आसपास, महागड्या फोनमध्ये ७० किंवा त्याहून थोडं जास्त.

हे आकडे एका ओळीत मांडले की एक गोष्ट उघड होते. २८ चौरस मिलिमीटरवाला कॉम्पॅक्ट आजच्या फोनपेक्षा मोठं भांडं घेऊन येत नाही. वर फोन एकामागोमाग अनेक फोटो काढून, ते जोडून, स्वच्छ करून देतो. ते गणित जुन्या कॉम्पॅक्टला येत नाही. म्हणूनच हा बाजार कोसळला. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या 'सिपा' या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये जगभरात १२ कोटींवर डिजिटल कॅमेरे रवाना झाले होते. २०२३ मध्ये हा आकडा ८० लाखांच्याही खाली आला होता. जे गेले त्यांत बहुतांश कॉम्पॅक्ट होते.

आपल्याकडच्या तीन परीक्षा

पहिली परीक्षा संत्र्याच्या बगीच्यातली. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत, तोडणी ऑक्टोबर ते डिसेंबर. मृग बहाराची फुलं पावसाळ्याच्या तोंडाशी, फळ फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. दिवसाचा भरपूर उजेड, माणसं जवळ, कोणी फार पळत नाही. क्रेटमध्ये संत्री भरणारे हात, तोडणीच्या गड्यांचं जेवण, पानांतून झिरपणारं ऊन, हे सगळं तुमच्या हातातला फोनही उत्तम काढेल. या परीक्षेत तिन्ही कॅमेरे पास. फक्त एवढ्यासाठी कोणी कॅमेरा घेत असेल तर मी सरळ सांगतो, "पैसे वाचव."

दुसरी परीक्षा घरातली, आणि खरी कठीण हीच. महालक्ष्म्यांची संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. मखराला लावलेली रंगीत एलईडीची माळ, समोर समया, छताला एक ट्यूबलाइट. आजी मुखवट्यांना दागिने घालते आहे, काकू आंबिलीचं पातेलं घेऊन मधूनच जाते आहे, पोरं पायात येत आहेत. आपल्या डोळ्यांना खोली झगमगीत वाटते, पण कॅमेऱ्याच्या हिशेबाने ती अंधारी असते. बाहेरच्या उन्हाच्या मानाने घरातला उजेड शेकडो पटींनी कमी असतो.

फोनचा रात्रीचा मोड इथे मखराचा सुंदर फोटो देतो, कारण मखर हलत नाही. पण आजीचा हात हलतो आणि पोरं तर हलतातच. अनेक फोटो जोडताना ही हालचाल पुसट होते, चेहरा मेणासारखा गुळगुळीत होतो. आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या गेल्या तर त्या फोटोत आजीचं काय उरलं?

उपाय दोन. सेन्सर मोठं हवं आणि लेन्सचं तोंड मोठं उघडणारं हवं. कॅमेऱ्यासोबत येणारी साधी झूम लेन्स झूम केल्यावर एफ/५.६ पर्यंतच उघडते. एफ/१.८ ची साधी, झूम नसलेली लेन्स घेतली तर आकड्यांच्या भागाकाराचा वर्ग करा: ५.६ भागिले १.८ म्हणजे ३.१, त्याचा वर्ग साडेनऊच्या वर. म्हणजे साडेनऊ पट उजेड! जिथे साध्या लेन्सला १/१५ सेकंद उघडं राहावं लागतं आणि पोराचा चेहरा पुसला जातो, तिथे ही लेन्स साधारण १/१५० सेकंदात काम उरकते. सहज हालचाल करणारं पोर तेवढ्यात थांबलेलं दिसतं. ही लेन्स कॅमेऱ्याच्या किमतीच्या मानाने स्वस्त असते आणि तिने पडणारा फरक नवीन कॅमेऱ्याने पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा असतो. हा लेख वाचून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

एलईडीच्या माळांबद्दल एक छोटी सूचना. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे पुष्कळ स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण फोटोत आडव्या काळ्या पट्ट्या येतात. मिररलेसमध्ये आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक शटर लावला असेल तर जास्तच. अशा वेळी साधा यांत्रिक शटर वापरा आणि वेग १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्ट्या बहुधा जातात.

तिसरी परीक्षा अंतराची. पोळ्याच्या संध्याकाळी तोरणाखाली उभ्या बैलजोड्या, झडत्या म्हणणारे काका आणि दुसऱ्या दिवशीची गोटमार. गोटमारीत दरवर्षी शेकडो माणसं जखमी होतात, जीवही गेलेले आहेत. तेव्हा एखाद्या घराच्या सुरक्षित गच्चीवरून दिसेल तेवढंच आपलं. फोटोसाठी काठावर उतरायचं नाही, हे पोरांना घरातूनच बजावून ठेवा.

गच्चीपासून नदीत उभा माणूस ५० मीटरवर आहे असं धरा. फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात तो चौकटीच्या उंचीच्या तीन टक्के दिसेल. म्हणजे १२ मेगापिक्सेलच्या फोटोत जेमतेम शंभर पिक्सेल उंचीचा ठिपका. बोटांनी ताणून तो ठिपकाच मोठा होतो. एपीएस-सी कॅमेऱ्यावर २०० मिमीची लेन्स लावली तर तोच माणूस चौकटीची चाळीस टक्क्यांहून जास्त उंची व्यापतो, चेहऱ्यावरचा भाव दिसतो. ही लांबची लेन्स डीएसएलआरसाठी जुन्या बाजारात स्वस्तात मिळते, मिररलेससाठी महाग पडते. बहुतेक कॉम्पॅक्टना हे जमत नाही. ज्यांना जमतं त्यांचं सेन्सर लहान, म्हणजे उजेड उतरला की तेही थांबतात.

पण स्वतःला प्रामाणिकपणे विचारा, वर्षातले असे दिवस किती? पोळा, गोटमार, शाळेचं स्नेहसंमेलन, पेंचच्या जंगलात एखादी फेरी. चार-पाच दिवसांसाठी मोठी लेन्स घ्यायची की मित्राकडून उसनी आणायची, हे ज्याचं त्याने ठरवावं.

डीएसएलआर संपला का?

हा प्रश्न मुलं थोड्या घाबऱ्या सुरातच विचारतात, कारण घरात बाबांनी किंवा मोठ्या भावाने घेतलेला एखादा डीएसएलआर असतो. खरी परिस्थिती अशी. पहिला मिररलेस पॅनासॉनिकने २००८ मध्ये आणला. २०१३ मध्ये सोनीने फुल फ्रेम मिररलेस आणला, २०१८ मध्ये कॅनन आणि निकॉन दोघेही त्या बाजूला वळले. २०२० मध्ये मिररलेसची संख्या डीएसएलआरच्या पुढे गेली. त्या वर्षीनंतर कॅनन-निकॉनने नवा डीएसएलआर आणलेला नाही. पेन्टॅक्सने मात्र आरसा सोडला नाही. तेव्हा नवीन संशोधन, नवीन लेन्स आता मिररलेससाठीच येणार.

पण कंपनीने बनवणं थांबवलं म्हणून तुमचा कॅमेरा फोटो काढायचं थांबवत नाही. निकॉनच्या डी३५०० सारख्या साध्या डीएसएलआरची बॅटरी प्रमाणित चाचणीत एका चार्जिंगमध्ये १५५० फोटो काढते. मिररलेसमध्ये पडदा आणि सेन्सर सतत चालू, त्यामुळे साध्या मॉडेलांत तीन-चारशे फोटोंनंतर बॅटरी बदलावी लागते. वऱ्हाड सकाळी निघून रात्री परतणार असेल तर हा फरक जाणवतो. मिररलेस घेणाऱ्याने दुसरी बॅटरी सोबतच घ्यावी.

घरी डीएसएलआर असेल तर माझा सल्ला सरळ आहे: नवा कॅमेरा घेऊ नका, त्याला एफ/१.८ ची लेन्स घ्या. खोलीतल्या फोटोंसाठी निकॉनच्या एपीएस-सी कॅमेऱ्याला ३५ मिमी बरी. ५० मिमीने भिंतीला पाठ लावूनही अख्खं कुटुंब मावत नाही, पण एकेकट्या चेहऱ्यांसाठी ती सुरेख. निकॉन घेणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. तेव्हा ज्या लेन्समध्ये स्वतःची मोटर आहे, म्हणजे नावात 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' आहे, तीच घ्या. जुनी 'एएफ-डी' लेन्स स्वस्त मिळते, पण या कॅमेऱ्यांवर फोकस हाताने फिरवत बसावं लागतं.

नागपूरला किंवा गावच्या एखाद्या स्टुडिओवाल्याकडे जुना डीएसएलआर स्वस्तात मिळत असेल तर विद्यार्थ्यासाठी ती उत्तम सुरुवात आहे. फक्त चार गोष्टी पाहून घ्या. एक, शटर किती वेळा चाललंय. साध्या मॉडेलांचं शटर सुमारे एक लाख फोटोंच्या हिशेबाने बनवलेलं असतं, आणि लग्नाचा फोटोग्राफर एका लग्नात हजार-दोन हजार सहज काढतो. दोन, लेन्समधून मोबाईलची बॅटरी मारून आरपार बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात बॅगेत कोंडून ठेवलेल्या लेन्सना ती हमखास धरते. अशी लेन्स फुकट मिळाली तरी घेऊ नका. तीन, एफ/१६ वर मोकळ्या आभाळाचा फोटो काढून त्यात काळे डाग दिसतात का ते बघा, म्हणजे सेन्सरवरची धूळ कळते. चार, बॅटरी फुगलेली आहे का आणि त्या मॉडेलची नवी बॅटरी बाजारात मिळते का, हे विचारून घ्या.

कॉम्पॅक्ट कोणी घ्यावा?

गेल्या काही वर्षांत तरुण मुलामुलींमध्ये जुन्या छोट्या कॅमेऱ्यांची पुन्हा हौस आली आहे. फ्लॅश मारलेले, थोडे भडक, आपल्या लहानपणीच्या वाढदिवसांसारखे फोटो. कपाटात पडलेला जुना कॉम्पॅक्ट असेल तर खुशाल काढा, मजा येते. फोन खिशात राहतो, हाही एक फायदा. पण तसल्या कॅमेऱ्यासाठी हजारो रुपये मोजू नका.

पैसे घालून घ्यायचा तर किमान एक इंची सेन्सरचा घ्या. सोनीच्या आरएक्स१०० मालिकेतला सातवा कॅमेरा ३०२ ग्रॅमचा आहे आणि त्यात २४ ते २०० मिमीइतकी झूम बसवली आहे. रिकोचा जीआर थ्री तर २५७ ग्रॅममध्ये चक्क एपीएस-सी सेन्सर देतो, पण त्याला झूम अजिबात नाही. आवडलेल्या गोष्टीजवळ चालत जायचं. दोन्ही महाग आहेत. आणि बाहेर येणाऱ्या लेन्सच्या फटींतून धूळ आत गेली तर ती घरी साफ करता येत नाही. शेतात, होळीच्या रंगात, गणपतीच्या गुलालात वापरायचा विचार असेल तर हे आधी लक्षात घ्या.

जामसावळीला हनुमंताच्या दर्शनाला, यात्रेला, प्रवासाला जाताना ज्यांना खांद्यावर बॅग नकोच असते, त्यांच्यासाठी चांगला कॉम्पॅक्ट योग्य. देवळात फोटोला मनाई असेल तर कुठलाच कॅमेरा बाहेर काढायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

मग नवीन घ्यायचा तर?

घरी काहीच नाही, दहा वर्षं वापरायचा आहे आणि नवाच घ्यायचा आहे, तर एपीएस-सी मिररलेस घ्या. वजनाचा हिशेब बघा. निकॉन डी३५०० साध्या लेन्ससकट सुमारे ६२० ग्रॅम. कॅननचा आर५० त्याच्या छोट्या झूम लेन्ससकट सुमारे ५०५ ग्रॅम. शंभर-सव्वाशे ग्रॅमचा फरक कागदावर फार वाटत नाही. पण आईच्या पर्समध्ये मावणारा कॅमेरा आणि वेगळी बॅग लागणारा कॅमेरा, यांत वर्षभरात काढलेल्या फोटोंच्या संख्येचा फरक मोठा पडतो. कॅमेरा कपाटात राहिला की त्याचे सगळे गुण कपाटातच राहतात.

किमती दर सणाला बदलतात, म्हणून रुपये लिहीत नाही, वाटे सांगतो. हातात शंभर रुपये असतील तर साठ-पासष्ट कॅमेऱ्याला आणि सोबतच्या झूम लेन्सला, वीस-पंचवीस एफ/१.८ च्या लेन्सला आणि उरलेले दुसरी बॅटरी, मेमरी कार्ड व एक्स्टर्नल हार्ड डिस्कला. सगळे शंभर रुपये कॅमेऱ्यावर घालवून साध्या लेन्सने महालक्ष्म्यांचे फोटो काढायला बसलात तर निराशा होईल, मग दोष कॅमेऱ्याला दिला जातो.

घरात आधीच्या कॅननच्या डीएसएलआर लेन्स असतील तर कॅननचा मिररलेस आणि त्यांचाच अॅडॅप्टर घेतला की त्या लेन्स फोकससकट चालतात. निकॉनच्या बाबतीत स्वतःची मोटर असलेल्याच लेन्स अॅडॅप्टरवर आपोआप फोकस करतात. म्हणजे बाबांच्या लेन्स नव्या कॅमेऱ्यालाही उपयोगी पडू शकतात, फक्त आधी नावं तपासा.

आणि पावसाळ्याची सोय करा. हवा घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात कॅमेरा ठेवा, पुड्या अधूनमधून बदला. मिररलेसची लेन्स बदलताना बऱ्याच मॉडेलांत सेन्सर थेट उघडा पडतो. म्हणून कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून, वारा नसेल तिथे, पटकन बदला. वावरात ट्रॅक्टर फिरत असताना तर नकोच.

ठरवण्याआधी एक तासाचं काम

हे सगळं वाचूनही मन हो-नाही करत असेल तर एक तासाचं काम करा. फोनमधले गेल्या वर्षीचे फोटो उघडा. देवाच्या, 'शुभ सकाळ'च्या आणि बिलांच्या फोटोंना बाजूला सारा. मनापासून आवडलेले पन्नास निवडा. मग प्रत्येक फोटोसमोर एक खूण करा: दिवसाच्या उजेडातला, घरातल्या दिव्यांतला की लांबचा. शेवटी 'काढायचा होता पण नीट आला नाही' असेही दहा आठवून त्याच तीन खणांत टाका.

आम्ही भावंडांनी घरच्या फोटोंचं असं केलं, तेव्हा निम्म्याहून जास्त फोटो घरातल्या दिव्यांखालचे निघाले. न आलेल्या दहांपैकी तर जवळजवळ सगळेच. लांबचे फक्त पोळ्याचे. म्हणून आमच्यासाठी उत्तर मोठी लेन्स नव्हती, एफ/१.८ ची छोटी लेन्स होती. तुमचे खण वेगळे भरतील. दिवसाचा खणच भरला तर फोन पुरे. दिव्यांचा भरला तर घरचा डीएसएलआर किंवा नवा मिररलेस, पण मोठ्या तोंडाच्या लेन्ससह. लांबचा भरला तर जुना डीएसएलआर आणि लांबची लेन्स हा सगळ्यात स्वस्त मार्ग. आणि 'कॅमेराच सोबत नव्हता' हेच कारण पुन्हा पुन्हा निघालं तर चांगला कॉम्पॅक्ट.

शेवटची गोष्ट फोटो काढल्यानंतरची. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला की तो लहान होतो, म्हणून ठेवायचे फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. सगळे फोटो दोन ठिकाणी ठेवा, एक हार्ड डिस्क घरी आणि एक प्रत दुसऱ्या गावच्या भावाबहिणीकडे. फाईलच्या नावात वर्ष आणि माणसांची नावं लिहा. चाळीस वर्षांनी 'ही कोण?' विचारायला सांगणारं कोणी उरलेलं नसतं. आणि वर्षाला पन्नास फोटो छापा. ४ × ६ इंचाच्या उत्तम प्रिंटला सव्वादोन मेगापिक्सेलसुद्धा लागत नाहीत, तुमच्या हातातला कुठलाही कॅमेरा तेवढे देतो.

यंदा महालक्ष्म्यांना गावी जाल तेव्हा मखराचे दोन फोटो कमी काढा आणि मखर सजवणाऱ्यांचे दहा जास्त काढा. स्वयंपाकघरात पुरण वाटणाऱ्या हातांचा, ओसरीवर पानसुपारी कातरणाऱ्या आजोबांचा, ताट वाढताना कोणाला काय आवडतं ते न विचारता ओळखणाऱ्या मावशीचा. निवडलेले फोटो आपल्या मासिकाकडे जरूर पाठवा. कॅमेरा कोणता वापरला ते नाही लिहिलं तरी चालेल, माणसांची नावं आणि गाव मात्र नक्की लिहा.